‘जॉइन इन’ वापरायचं कसं? आधी विचारा, पहिला ओरडला कोण

नव्वदच्या दशकाची सुरुवात. रात्रपाळी होती, पान सोडायला वीसेक मिनिटं उरली होती, आणि इंग्लंडमधल्या कुठल्याशा फुटबॉल सामन्याची तार माझ्या टेबलावर येऊन पडली. क्रीडा पानावर मी नवी होते आणि इंग्रजीतल्या एम.ए.ची ऐट अजून उतरायची होती. तारेच्या शेवटी एक वाक्य होतं: ‘द होल ग्राउंड टुक अप द चांट.’ मी बेधडक लिहिलं, ‘संपूर्ण मैदानाने जप हाती घेतला.’ मुख्य उपसंपादकांनी कागद वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलं, “बाई, माळा कुणी वाटल्या?”

त्यांनी लाल पेनाने ‘प्रेक्षकांनी घोषणा उचलून धरली’ असं केलं आणि पान गेलं. मी मात्र बराच वेळ त्या वाक्याकडे बघत बसले. ‘टेक अप’ म्हणजे वर घेणं, उचलणं. आपण ‘उचलून धरणे’ म्हणतो तेच हे. दोन भाषांनी एकच चित्र काढलं होतं आणि मी ते सोडून जपमाळ शोधत बसले होते.

आता निवृत्त आहे. गिरगावात एका मंडळाच्या हॉलमध्ये संध्याकाळी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. विद्यार्थी सगळ्या वयांचे आहेत: कुरिअरवाले, नर्सिंगच्या मुली, एका वॉचमनचा मुलगा, परदेशातल्या मुलाकडे निघालेल्या दोन आज्या. दरवर्षी गणपती झाले की मी विचारते, ‘विसर्जनाला काय केलंत, सांगा.’ आणि दरवर्षी गाडी त्याच ठिकाणी अडते. ‘सगळे ओरडत होते, मग मीपण ओरडलो’ एवढं साधं सांगायचं असतं. वहीत मात्र येतं, ‘आय जॉइंट टू द मॉब अँड गेव्ह स्लोगन.’ (आमच्या वर्गात वही देवनागरीतच चालते. आधी कान आणि जीभ, स्पेलिंग मागाहून.) या एका वाक्यात चार चुका आहेत आणि चारही मराठीतून आल्यात. म्हणून त्या सुटतातही मराठीतूनच.

माझा नियम एकच. इंग्रजी वाक्य जुळवायला घेण्याआधी विचारा: पहिला ओरडला कोण? तुम्ही, दुसरा कुणी, की आधीपासून सगळं मैदानच ओरडत होतं? आणि तुम्ही तेच शब्द म्हणालात, की उत्तरादाखल वेगळे? एवढं नक्की झालं की क्रियापद आपोआप सापडतं.

हा हिशेब आपल्याला नवा नाही. पोवाड्यात शाहीर पुढे असतो आणि मागे झीलकरी. शाहिराने ओळ टाकायची, झीलकऱ्यांनी ‘जी जी रं जी’ ओढायची. शाहिराला झीलकरी म्हणत नाहीत आणि झीलकऱ्याला शाहीर म्हणत नाहीत. इंग्रजी हाच भेद क्रियापदात ठेवते.

सगळ्यात कामाचं ‘जॉइन इन’ आधी घेऊ. एखादी गोष्ट चालू आहे आणि तुम्ही तिच्या आत शिरून तेच करू लागलात, की ‘जॉइन इन’. लोक गात होते, तुम्ही गायलात. टाळ्या वाजत होत्या, तुम्ही वाजवल्यात. आधी काहीतरी चालू असलंच पाहिजे, ही अट. ‘एव्हरीवन वॉज चांटिंग, सो आय जॉइन्ड इन.’ वाक्य इथंच संपलं तरी चालतं, पुढे काही जोडावं लागत नाही. मराठी माणसाला हे अर्धवट वाटतं. ‘कशात सामील झालो?’ असं मनात येतं आणि तो ‘टू’ लावून मोकळा होतो. तो ‘टू’ आपल्या ‘ला’तून येतो, ‘गर्दीला सामील झालो’मधल्या. सोडून द्या त्याला.

पुढे काही जोडायचंच असेल तर दोन वाटा आहेत. जे चाललंय त्याचं नाव थेट लावा: ‘आय जॉइन्ड इन द चांटिंग.’ माणसं सांगायची असतील तर मध्ये ‘विथ’ घाला: ‘आय जॉइन्ड इन विथ द क्राउड.’ बस. ‘विथ द चांटिंग’ म्हटलंत तरी कुणी अडवणार नाही, पण ‘टू द चांटिंग’ला अडवतील.

आता या ‘इन’ची किंमत बघा. ‘आय जॉइन्ड द क्राउड’ म्हणजे मी गर्दीत जाऊन उभी राहिले. तोंड उघडलं की नाही, हे त्यात येत नाही. ‘आय जॉइन्ड इन विथ द क्राउड’ म्हणजे गर्दी जे करत होती ते मीही केलं. पाय गेले ते ‘जॉइन’, आवाज गेला ते ‘जॉइन इन’. हे मी वर्गात उभं राहून करून दाखवते. दाराबाहेरून आत येते, मुलांच्या घोळक्यात गप्प उभी राहते आणि विचारते, ‘डिड आय जॉइन इन?’ सगळे ‘नो’ म्हणतात. मग ओरडते. आज्यांना हे फार आवडतं.

माझी भाची इंग्लंडमधल्या लीड्सला शिकायला गेली. पहिल्याच सत्रात तिला बालपणीच्या एका आठवणीवर निबंध लिहायचा होता. तिने चौपाटीवरच्या विसर्जनावर लिहिला. पहिलंच वाक्य असं: दरवर्षी आमचं कुटुंब समुद्रावर एका ‘मॉब’ला ‘जॉइन’ व्हायचं आणि आम्ही ‘स्लोगन्स’ द्यायचो. शिक्षिकेने समासात बारीक अक्षरात लिहिलं, ‘वॉज एनीवन हर्ट?’ म्हणजे, कुणाला लागलं वगैरे नाही ना? भाचीने मला फोटो पाठवला, खाली लिहिलं, “मावशी, हिला काय झालंय?”

तिला काही झालं नव्हतं. ‘मॉब’ म्हणजे बिथरलेला जमाव, हातात दगड असलेला. नुसती गर्दी ‘क्राउड’. खेळ बघायला आलेली माणसंही ‘क्राउड’च. नाटकाला आणि व्याख्यानाला येतात ते ‘ऑडियन्स’. वर्तमानपत्रातले ‘मॉब’चे मथळे वाचून वाचून आपल्याला तो साधा शब्द वाटू लागलाय. मॉब गणपतीला येत नाही. आला तर पोलीस आधी येतात.

‘स्लोगन’चीही गंमत आहे. हा शब्द स्कॉटलंडच्या गेलिक भाषेतून आलाय, मुळात ‘स्लूआ’ म्हणजे सैन्य आणि ‘गैर्म’ म्हणजे हाक. रणघोषणाच ती, आपल्या ‘हर हर महादेव’च्या जातीची. पण आज इंग्लंडमधल्या माणसाला ‘स्लोगन’ म्हटलं की आधी साबणाची किंवा निवडणुकीची जाहिरात आठवते. ओरडलेली घोषणा सांगायची तर ‘शाउट स्लोगन्स’ किंवा ‘चांट स्लोगन्स’ म्हणा. ‘गिव्ह स्लोगन्स’ कधीच नाही. देणं मराठीत असतं: हाक देतो, शिवी देतो, घोषणा देतो. आपल्याकडची इंग्रजी वर्तमानपत्रं ‘रेज्ड स्लोगन्स’ छापतात. भारतात ते चालतं आणि चालू द्यावं, मी त्याला चूक म्हणणार नाही. फक्त लीड्सच्या शिक्षिकेला ते जरा विचित्र वाटेल.

आता खुद्द ‘चांट’कडे येऊ, कारण माझी पहिली चूक तिथेच झाली होती. आपल्या कानांवर हा शब्द पडतो तो देवळाच्या बाजूने. मंत्र ‘चांट’ करतात, नाम ‘चांट’ करतात. मूळ लॅटिन ‘कान्तारे’, म्हणजे गाणं. फ्रेंचमध्ये ते ‘शांते’ झालं आणि तिथून इंग्रजीत आलं. चर्चमध्ये एका सुरात म्हणतात तेही ‘चांट’. म्हणजे देऊळ आणि मैदान या दोन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: थोडे शब्द, एक ठेका, पुन्हा पुन्हा. तेव्हा अर्थ जागेवरून ठरवा. देवळात असेल तर जप, मैदानात असेल तर घोषणा, मोर्चात असेल तर नारे.

‘पुन्हा पुन्हा’ ही अट मी मनाने घातलेली नाही. इंग्लंडमध्ये 1991 चा फुटबॉल गुन्ह्यांचा कायदा आहे. सामन्यात अश्लील किंवा वंशद्वेषी ‘चांटिंग’ करणं त्याने गुन्हा ठरवलं. मग चांटिंग म्हणजे काय हे कायद्याला सांगावं लागलं. त्याची व्याख्या अशी: कोणतेही शब्द किंवा आवाज वारंवार उच्चारणं. आधी ते इतरांच्या साथीने व्हायला लागायचं, 1999 च्या दुरुस्तीने एकट्याने केलं तरी ते चांटिंग ठरलं. भाषेच्या वर्गात कायदा वाचून दाखवावा असं मला क्वचित वाटतं, पण ही व्याख्या मी फळ्यावर लिहिते. एकदाच ‘आउट!’ असं ओरडलात तर ते ‘शाउट’. तेच ठेक्यात दहा वेळा ओरडलात की ‘चांट’. शिवाय त्या कायद्यात ‘जॉइन इन’ नाही, ‘टेक पार्ट इन’ आहे. अर्जात, जबाबात, अहवालात हेच शोभतं: ‘ही टुक पार्ट इन द चांटिंग.’ मित्राला सांगताना मात्र ‘टेक पार्ट’ म्हणालात तर तुम्ही पोलीस चौकीतून बोलताय असं वाटेल.

उच्चाराचं थोडक्यात. लंडनकडे ‘चांट’, आ लांब. अमेरिकेत आणि उत्तर इंग्लंडात ‘चँट’सारखा तोंड पसरून. कुठलाही एक धरा, पण ‘न’ गिळू नका, नाहीतर ‘चाट’ होतं आणि समोरचा शेवपुरी शोधू लागतो. ‘जॉइन्ड इन’ म्हणताना ‘ड’ मागच्या शब्दाला चिकटवायचा नाही, पुढच्याला द्यायचा: ‘जॉइन् डिन’. जोरही ‘इन’वरच. हे जमलं की ‘जॉइंट’ आपोआप पळतो. ‘जॉइंट’ म्हणजे गुडघ्याचा असतो.

‘चांट’ वापरताना घोषणेचे शब्द त्याला थेट चिकटतात, मध्ये काही लागत नाही. ‘द क्राउड वॉज चांटिंग सचिन, सचिन.’ किंवा ‘दे चांटेड हिज नेम.’ ‘चांटिंग ऑफ हिज नेम’ अशी शेपटी नको. क्रियापदाऐवजी नाम वापरायचं असेल तेव्हाच ‘ऑफ’ येतो: ‘अ चांट ऑफ सचिन, सचिन वेंट अप.’ घोषणा उठली. हे ‘वेंट अप’ फार देखणं आहे आणि आपल्या ‘उठली’ला अगदी लागून बसतं. घोषणा विरली की ‘डाइड डाउन’ किंवा ‘डाइड अवे’. कुणाचा आवाज घोषणांत बुडवला तर ‘ड्राउन्ड आउट’. इथेही आपण आणि ते दोघेही पाण्यातच बुडवतो.

वानखेडेवरची 15 नोव्हेंबर 2013 ची सकाळ मी या सगळ्यासाठी उदाहरण म्हणून वापरते. सचिनची दोनशेवी आणि शेवटची कसोटी, वेस्ट इंडिजविरुद्ध, आणि सामन्याचा तो दुसरा दिवस. मी कामाच्या पासावर आत होते, पण काम कसलं, सगळे पत्रकार उभेच. ती घोषणा तुम्हाला माहीत आहे. पहिला ‘सचिन’ लांबवलेला, दुसरा झटकन तोडलेला. ती कधीच एकदम सगळीकडून उठत नाही. नॉर्थ स्टँडच्या एखाद्या कोपऱ्यात चार पोरं ओरडतात, शेजारचे वीस जण धरतात, मग तो अख्खा स्टँड, आणि मग ती गोल फिरत आपल्यापर्यंत येते. ती अंगावर येताना दिसते, ऐकू येण्याआधी. हे सांगायला ‘जॉइन इन’ पुरत नाही. इथे ते माझं जुनं, मार खाल्लेलं वाक्य लागतं: ‘द चांट स्टार्टेड इन वन कॉर्नर अँड वॉज टेकन अप बाय द होल ग्राउंड.’

फरक असा. ‘जॉइन इन’मध्ये नजर तुमच्यावर असते, मी शिरले. ‘टेक अप’मध्ये नजर घोषणेवर असते, ती या हातातून त्या हातात जाते. म्हणून ‘टेक अप’ बहुतेकदा समूहासाठी आणि ‘वॉज टेकन अप बाय’ अशा रूपात येतं. एकट्या माणसाने ‘आय टुक अप द चांट’ म्हटलं तर चूक नाही, फक्त जरा वर्तमानपत्री. बोलताना त्याऐवजी ‘पिक अप’ म्हणतात, तेही बरं. रचनेतला एक बारकावा लक्षात ठेवा: ‘टेक अप’च्या पोटात सर्वनाम शिरतं, ‘दे टुक इट अप’. ‘जॉइन इन’च्या पोटात काहीही शिरत नाही. ‘जॉइन्ड इट इन’ असं इंग्रजीत नाही.

सचिन त्या दिवशी 74 वर गेला. गोलंदाज देवनारायण, झेल स्लिपमध्ये सॅमीचा. क्षणभर कुणाला आवाजच फुटला नाही. मग आधी टाळ्या आल्या आणि टाळ्यांवर पुन्हा तेच नाव. दुसऱ्या दिवशी, 16 तारखेला, निरोपाच्या भाषणात तो म्हणाला की ही ‘सचिन, सचिन’ची हाक श्वास असेपर्यंत कानात घुमत राहील. ‘घुमणं’ म्हणायला त्याने वापरलेला शब्द ‘रिव्हर्बरेट’. वर्गात कुणाला तो एका दमात म्हणता येत नाही, मलासुद्धा पहिल्या खेपेला नाही.

आता गणपतीचं प्रकरण, आणि इथे ‘जॉइन इन’ चक्क चुकतं. ‘गणपती बाप्पा’ एक जण म्हणतो, ‘मोरया’ बाकीचे म्हणतात. शब्द वेगळे, पाळी वेगळी. तुम्ही त्याच्या बरोबर ओरडत नाही, त्याला उत्तर देता. इंग्रजीत या रीतीला ‘कॉल अँड रिस्पॉन्स’ म्हणतात. ऑस्ट्रेलियन प्रेक्षकांचं ‘ऑझी, ऑझी, ऑझी’ला ‘ऑय, ऑय, ऑय’ हेही त्याच घराण्यातलं. वाक्यात मात्र एवढं जड नाव नको. असं म्हणा: ‘समवन वुड शाउट गणपती बाप्पा, अँड वी वुड ऑल रोर बॅक मोरया.’ ‘रोर बॅक’, ‘शाउट बॅक’, ‘कम बॅक विथ’, ‘आन्सर’, यातलं काहीही घ्या. ‘बॅक’ महत्त्वाचा, कारण आवाज उलट जातो. जो ‘गणपती बाप्पा’ म्हणतो त्याच्यासाठी ‘ही लेड द चांट’ किंवा ‘ही लेड अस’. त्याला ‘चिअरलीडर’ करू नका. आमच्या एका कुरिअरवाल्याने स्वतःला केलं होतं, आणि मग गूगलवर फोटो बघून वही मिटून ठेवली.

एकाने म्हटलेले तेच शब्द तुम्ही त्याच्यामागून पुन्हा म्हणत असाल तर ‘एको’. शाळेत प्रार्थना सांगणारी मुलगी एक ओळ म्हणते आणि सगळी शाळा तीच ओळ म्हणते, ते ‘एको’ किंवा ‘रिपीट आफ्टर’.

माझे वडील संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चांना जायचे. ते कधी पुढारी नव्हते, गिरणीत होते. पुढे कुणीतरी ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र’ म्हणायचं आणि मागून हजारोंच्या आवाजात ‘झालाच पाहिजे’. वडिलांच्या वाट्याला ते दोनच शब्द होते. तो ‘च’ ते इतका दाबून म्हणायचे की म्हातारपणी चहात साखर हवी असली तरी ‘साखर पाहिजेच’ त्याच सुरात यायचं. एकदा नातवाला इंग्रजीत सांगायचा प्रयत्न केला त्यांनी: ‘आय वॉज इन द मॉब.’ मी त्यांना काही सुधारलं नाही. आज सुधारायचं झालं तर म्हणेन, ‘आय वॉज इन द क्राउड, शाउटिंग बॅक.’ आणि ‘झालाच पाहिजे’चं इंग्रजी? ‘वी मस्ट हॅव इट’ म्हटलं की ते दुकानात उभे असल्यासारखं वाटतं. मूळ शब्दच ठेवा आणि पुढे अर्थ सांगा. घोषणा भाषांतरात बहुधा मरतात. ‘मोरया’चं भाषांतर करायला बसलेली मुलं मी पाहिली आहेत, त्यांना मी चहा प्यायला पाठवते.

आता काही शब्द जे ‘जॉइन इन’सारखे वाटतात पण नाहीत. ‘चाइम इन’ म्हणजे बोलणं चालू असताना मध्येच आपला एक मुद्दा टाकणं. मैदानावर कुणी चाइम इन करत नाही. ‘जॉइन द कोरस’ हे हल्ली बहुतेकदा बातम्यांत दिसतं, तेही बहुधा टीकेसाठी: अमुक नेत्यानेही टीकेच्या सुरात सूर मिसळला. गणपतीत वापरलंत तर तुम्ही बाप्पावर टीका करताय असं होईल. ‘सिंग अलाँग’ गाण्यासाठी आहे, ‘क्लॅप अलाँग’ टाळ्यांसाठी. ‘अलाँग’मध्ये कुणीतरी पुढे चाललंय आणि तुम्ही त्याच्या बाजूने चालताय. आरतीला मी ‘सिंग अलाँग’ म्हणते, कारण आपल्यापैकी निम्म्यांना दुसरं कडवं येत नसतं आणि आपण पुढच्याच्या ओठांकडे बघत चालतो. ‘चिअर’ म्हणजे हुरूप देणारा आरडाओरडा, त्यात शब्द असलेच पाहिजेत असं नाही. आणि ‘बॅरक’ हा शब्द दिसला तर आधी देश विचारा. इंग्लंडमध्ये ‘बॅरक’ म्हणजे खेळाडूची टर उडवणं, ऑस्ट्रेलियात ‘बॅरक फॉर’ म्हणजे त्याच्या बाजूने ओरडणं.

कान फसतो तो कसा, हे मी स्वतः अनुभवलं. जून 2025 मध्ये भाचीकडे गेले होते. तिने लीड्सच्या हेडिंग्ली मैदानावरच्या भारत-इंग्लंड कसोटीच्या पाचव्या दिवसाचं तिकीट काढलं. 24 तारीख, इंग्लंडला जिंकायला एकूण 371 हव्या होत्या. इंग्लंडचा जो रूट, तिथल्याच यॉर्कशर परगण्याचा, फलंदाजीला आला आणि सगळ्या मैदानातून ‘ऊऽऽऽ’ असा लांब आवाज निघाला. मी चाट. आपल्याच गावच्या पोराला हुर्यो? मी भाचीला म्हटलं, “अगं, हे त्याला ‘बू’ का करतायत?” ती हसून हसून वाकली. “मावशी, बू नाही, रूऽऽट म्हणतायत!” शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांना तिने माझा प्रश्न सांगितला. ते म्हणाले, पाहुण्यांचं हे नेहमीचं आहे.

थोड्या वेळाने एका बाजूने ‘यॉर्कशर, यॉर्कशर’ सुरू झालं. तोच ठेका, दोनदा नाव. आपल्या वानखेडेची आठवण येऊन माझे ओठ आपोआप हलले. भाचीने कोपर मारलं: “तू कुणाच्या बाजूने आहेस?” पण ते गृहस्थ माझ्याकडे वळून म्हणाले, ‘गो ऑन, लव्ह, जॉइन इन.’ एवढी वर्षं शिकवलेला शब्द माझ्यासाठी कुणीतरी वापरला. आज्ञार्थात तो असाच येतो, पुढेमागे काही न लावता. मी जॉइन इन केलं नाही, भारत हरत होता. ‘आय डिडन्ट जॉइन इन’ हेही शिकून ठेवा, लागतं.

खासकरून फुटबॉलला लागतं. भाचीला मी बजावलंय, शब्द कळले नाहीत तर ओठ हलवायचे नाहीत. ठेका छान असतो आणि शब्द घाणेरडे असू शकतात, आणि तो कायदा मी वर सांगितलाच. शेजाऱ्याला विचारायचं, ‘व्हॉट आर दे सिंगिंग?’ ‘चांटिंग’ नाही, ‘सिंगिंग’. तिथले प्रेक्षक स्वतःच्या घोषणांना बहुतेकदा गाणीच म्हणतात. ‘चांट’ हा शब्द जास्त करून बातमीदाराचा आणि पोलिसाचा आहे. आपणही विसर्जनाला ‘आम्ही घोषणा देत होतो’ असं कुठे म्हणतो? ‘ओरडत होतो’ म्हणतो.

सराव कसा करायचा ते सांगते. वर्गात मी एकाला कोपऱ्यात उभं करते आणि कुठलीही घोषणा सुरू करायला लावते. शेजाऱ्याने धरायची, मग ओळीने सगळ्यांनी. मग थांबवायचं आणि प्रत्येकाने फक्त आपापली बाजू इंग्रजीत सांगायची. पहिल्याने ‘आय स्टार्टेड इट’. दुसऱ्याने ‘आय जॉइन्ड इन’. दाराशी बसलेल्या आज्यांनी, त्यांना सगळं दिसत असतं म्हणून, ‘द होल क्लास टुक इट अप’. मग तेच ‘गणपती बाप्पा’ घेऊन. आता ‘जॉइन्ड इन’ म्हणणाऱ्याला बाकीच्यांनी पकडायचं. घरी एकटे असाल तर कुठल्याही सामन्याचं चित्रण लावा, आवाज मोठा ठेवा, पडदा बघू नका, आणि घोषणा कुठून उठते, कोण धरतं, कधी विरते ते तीन वाक्यांत लिहा. गणपतीचे दहा दिवस झाले की त्याच वहीत तीन वाक्यं विसर्जनाची.

गेल्या वर्षी वॉचमनच्या मुलाने मात्र तीन लिहिली नाहीत. एकच लिहिलं. त्यांच्या इमारतीचा गणपती छोटा, मिरवणुकीत आठ माणसं, त्यातले पाच मोबाइलवर. त्याचं वाक्य होतं: ‘आय स्टार्टेड गणपती बाप्पा, बट नोबडी शाउटेड बॅक.’ क्रियापदं दोन्ही बरोबर, ‘जॉइन इन’चा मोहही टाळलेला. मी दहापैकी दहा दिले आणि वर्गाला म्हटलं, आता त्याला उत्तर द्या.